गाणें आणि गाण्याची जागा

गेल्या हिवाळ्यांत नागपूरकडील आमचे एक स्नेही कांहीं दिवस मुंबईस आले होते. गाण्याचे ते फार दिवसांचे शौकीन. पहिल्याच दिवशीं चहा घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "प्रोफेसरसाहेब, तुमच्या या शहरांत गाणें ऐकण्यास उत्तम जागा कोणती?" त्या वेळीं आमच्याकडे आणखी दोन गृहस्थ बसले होते. एकानें तत्काळ नरीमन पॉइंटच्या टाटा थिएटरचें नांव घेतलें. दुसऱ्यानें, जेथें गवई चांगला तीच जागा चांगली, असा निकाल दिला. हा दुसरा निकाल ऐकावयास मोठा शहाणपणाचा वाटतो व बहुतेक रसिक तोच देतात. परंतु तो आम्हांस तेव्हां पटला नाहीं, आणि आतां विचारांतीं तर मुळींच पटत नाहीं.

चित्र कोणत्याही भिंतीवर टांगलें तरी त्यांतील रंग तेच राहतात. गाण्याची गोष्ट निराळी आहे. गवयाच्या गळ्यांतून निघालेला स्वर भिंतीला, छताला, समोर बसलेल्या माणसांच्या अंगावरील कपड्यांना लागून मग आपल्या कानीं येतो. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो गवयाच्याही कानीं परत जातो. परत आलेला हा स्वर ऐकून गवई पुढचा स्वर लावीत असतो. जागा वाईट असली म्हणजे केवळ श्रोत्याचें नुकसान होतें अशी जी समजूत आहे ती म्हणूनच अपुरी आहे. वाईट जागेंत गाणेंच वेगळें होतें.

या विषयाला शास्त्राचें स्वरूप दिलें तें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकानें. १८९५ च्या सुमारास तेथील एका नव्या व्याख्यानगृहांत बोललेलें कांहीं समजेना, तेव्हां हें काम त्याच्याकडे आलें. दुसऱ्या एका सभागृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या कमी-अधिक मांडाव्या, आणि नाद थांबल्यावर त्याची आंस किती सेकंद उरते तें मोजावें, असा क्रम त्यानें चालविला. १९०० सालीं उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच गणिताच्या आधारें बांधला गेला. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला ही आंस सुमारें दोन सेकंद असलेली मानवते. भाषणाला ती एक सेकंदाच्या आसपास पुरते. आतां आमचा ख्याल यांपैकीं कोणत्या पक्षाचा? विलंबित आलापाला लांब आंस गोड लागते. पण द्रुत लयींतील दाणेदार तान त्याच आंसेंत बुडाली कीं तिचा नुसता गलबला होतो. एकाच तासाच्या गाण्याला दोन परस्परविरुद्ध गरजा आहेत. जुन्या दिवाणखान्यानें हा प्रश्न गणित न मांडतां सोडविला होता. खालीं जाजम व गाद्या, पाठीशीं तक्के, दारांना पडदे, वर लाकडी तुळया, आणि शंभर-दीडशें माणसें अशीं दाटीनें बसलेलीं कीं शेवटचा मनुष्यही गवयापासून पंचवीस हातांच्या आंत असावा.

यावरून आम्हीं आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. शेवटच्या रांगेंतील श्रोत्याला तंबोरा यंत्राच्या मदतीवांचून ऐकूं येतो काय? आणि त्या श्रोत्यानें हलकेच दिलेली 'वा' गवयाला ऐकूं जाते काय? तंबोऱ्याचा नाद हा आमच्या संगीतांतील सर्वांत मृदु नाद. तो पोंचला तर बाकी सारें पोंचतें. आणि गवई श्रोत्याला ऐकूं शकला, तर ती मैफल. नाहीं तर तो जलसा.

या कसोटीनें पाहूं गेलें तर मुंबईच्या संगीताचा नकाशा गिरगांवापासून काढावा लागतो. ऑपेरा हाउसच्या चौकांत उभें राहावें. दहा-बारा मिनिटांच्या पायवाटेंत आमच्या संगीताच्या इतिहासाचा केवढा तरी भाग सांपडतो. येथेंच फ्रेंच पुलाशेजारीं प्रो. बी. आर. देवधरांचें संगीत-विद्यालय, तें १९२५ सालीं निघालें. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास काढलेलें गांधर्व महाविद्यालय १९०८ सालीं मुंबईस आलें, आणि देवधर हे त्यांचेच शिष्य. जवळच लक्ष्मीबाग, जेथें किती गवयांनीं किती रात्री जागविल्या असतील याची गणती नाहीं. पलीकडे काँग्रेस हाउसच्या आवारांत जिना हॉल. १९१८ सालीं गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवसभेस विरोध केल्याबद्दल बॅरिस्टर जिनांच्या सन्मानार्थ लोकांनीं एक-एक रुपया वर्गणी देऊन हा हॉल उभारला. त्याचें नांव व त्याची जागा हीं दोन्ही एकत्र उच्चारलीं म्हणजे इतिहासाच्या खोडकरपणाचें नवल वाटतें! याच हॉलांत १९३६ सालीं अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व गायले आणि मुंबईचे जाणते थक्क झाले. त्यानंतर ते देवधरांकडे शिकावयास राहिले. म्हणजे मुलगा गायला तो हॉल आणि मुलगा शिकला तें विद्यालय, यांमध्यें अंतर काय तें चार पावलांचें.

याहून मागें जावयाचें तर १८७० सालीं पारशी गृहस्थ कैखुश्रू काबराजी यांनीं स्थापिलेली गायन उत्तेजक मंडळी. तेथें १८८४ पासून तरुण भातखंडे जाऊं लागले. आणि थोडें पूर्वेस वळलें कीं भेंडीबाजार. छज्जू खां, नझीर खां व खादिम हुसेन खां हे बंधु उत्तर हिंदुस्थानांतून येऊन तेथें राहिले, व त्यांच्या गायकीला वस्तीचेंच नांव पडलें. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर हीं नांवें ऐकतांना किल्ले व दरबार डोळ्यांसमोर येतात. 'भेंडीबाजार' म्हटलें कीं ट्रामचा खडखडाट व फेरीवाल्यांच्या हांका. पण त्या कोलाहलाच्या आंतील एखाद्या खोलींत एवढी नाजुक, सरगमीच्या गुंफणीची गायकी वाढली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. स्वरांचे ते बारीक फेरफार कळावयास ऐकणारा हातभर अंतरावरच पाहिजे. अशी गायकी मैदानांत जन्मास आली नसती. उलट, १९२२ सालीं शाहू महाराज निवर्तल्यावर कोल्हापूर सोडून जे अल्लादिया खां मुंबईस आले आणि १९४६ मध्यें येथेंच वारले, त्यांची भरदार आकाराची, अखंड श्वासाची गायकी मोठा दिवाणखाना सहज भरून काढी. गायकी व जागा यांचा असा संबंध शोधीत गेलें तर पुष्कळ हातीं लागेल. आमच्या संगीतविषयक ग्रंथांत रागांची चिकित्सा उदंड आढळते. खोल्यांची मात्र कोणी केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

इतकें वाचून कित्येक वाचकांस 'गेलें तें युग!' असा उसासा टाकावासा वाटेल. त्या उसाशांत आम्ही सामील नाहीं. त्या दिवाणखान्यांत शिरण्याची मुभा कोणाला होती, याचाही विचार केला पाहिजे. यजमान शेटजी, त्यांचे स्नेही, चार वकील-डॉक्टर, आणि ज्यांना कोणी बरोबर नेलें असे कांहीं भाग्यवान. आमच्या आजीला गाण्याचा कान उत्तम होता असें सर्व सांगत. पण तिनें जन्मांत एकही बैठक समोर बसून ऐकली नाहीं. माजघराच्या दाराआडून जें कानीं पडेल तेवढेंच तिचें. ज्या स्त्रियांनीं गाणें सांभाळलें त्यांना तर गाण्यास बोलावीत, आणि गाणें संपलें कीं त्यांच्याशीं ओळख दाखवीत नसत. भेंडीबाजार परंपरेंतील अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ति मिळाली; तोंपर्यंत त्यांचें वय पंच्याहत्तरीस आलें होतें. पलुसकरांनीं तिकीट लावून जलसे करण्याची प्रथा रूढ केली तिला त्या वेळीं कांहीं रसिकांनीं नाकें मुरडलीं असतील. परंतु तिकिटाला जात-कुळी नसते. पैसे टाकले कीं दार उघडतें. आमच्या आजीला तें दार उघडें मिळालें असतें तर तिनें शेटजींच्या गाद्या-तक्क्यांची आठवण काढली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

तिकिटानें दार उघडलें तसें नाट्यगृहानेंही उघडलें. ऑपेरा हाउस या नांवाची प्रत्यक्ष इमारत, जिचें उद्घाटन पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ सालीं बांधकाम पुरें होण्यापूर्वींच झालें, ती मूळची विलायती संगीतिकांसाठीं. पण बालगंधर्वांचे पाय तिला लागले. पुढें तिचें चित्रपटगृह झालें, १९९३ मध्यें तें बंद पडलें, आणि तेवीस वर्षें धूळ खात पडल्यावर जीर्णोद्धार होऊन २०१६ सालीं तिचीं दारें पुन्हां उघडलीं. आसनें सहाशेंच्या आंत. संगीत नाटकांतील नट ध्वनिवर्धकावांचून पदें म्हणत आणि तीं वरच्या सज्जापर्यंत पोंचत. तो काळ आठवणाऱ्यांनीं एकदां या वास्तूंत जाऊन यावें.

मुंबईच्या वाढीबरोबर श्रोते वाढले व सभागृहें मोठीं झालीं. माटुंगा-सायनच्या बाजूस दाक्षिणात्य मंडळींनीं १९५२ सालीं षण्मुखानंद सभा स्थापिली व १९६३ मध्यें जवळ जवळ तीन हजार आसनांचें सभागृह उभारलें. १९९० सालीं तें आगींत सांपडलें. सभेनें धीर न सोडतां तें पुन्हां बांधून १९९८ मध्यें खुलें केलें. सार्वजनिक कार्यावरील ही निष्ठा वंदनीय आहे, आणि तीन हजार माणसें एका वेळीं एका गवयासाठीं जमतात हें दृश्यही कांहीं लहान नव्हे. पण आमची कसोटी तेथें टिकत नाहीं. वरच्या सज्जांत बसलें असतां गायक अंगठ्याएवढा दिसतो, आणि त्याचा आवाज त्याच्या दिशेनें न येतां भिंतीवरच्या खोक्यांतून येतो. रंगमंचावर दिव्यांचा लखलखाट व समोर काळोख. त्यांत गायकाला श्रोते दिसत नाहींत. तो स्वतःचाच आवाज समोर ठेवलेल्या दुसऱ्या एका खोक्यांतून ऐकून गातो. मग परिणाम काय होतो? बारीक हरकती गळतात. चटकन् पोंचणारें जें असेल तें वाढतें. तबल्याशीं सवाल-जबाब लांबतो, तिहाईवर टाळ्यांचा पाऊस पडतो. टाळी ही लांबच्या माणसाची दाद आहे. 'वा' समेवर येते व गाण्यांत विरघळते; टाळी गाणें थांबविते.

न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ध्वनिवर्धकानें सर्वांना एकाच मापानें बिघडविलें असें नाहीं. अमीर खां (१९१२–१९७४) यांची मंद्र सप्तकांतली, स्वतःशींच बोलल्यासारखी गायकी हजार माणसांना ऐकतां आली ती या यंत्रामुळेंच. कुमार गंधर्वांच्या एका स्वरावरून दुसऱ्यावर झेंप घेऊन मध्येंच आवाज अगदीं बारीक करण्याच्या लकबीलाही त्याचें साह्य झालें, असें आमचें मत आहे. यंत्र हातीं धरणारा शहाणा असला तर यंत्र सेवक होतें. दुर्दैवानें बहुतेक ठिकाणीं तें धनी होऊन बसलें आहे.

आणि म्हणूनच टाटा थिएटरची गोष्ट आम्हांस अधिक लागते. राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र १९६९ सालीं जे. आर. डी. टाटा व जमशेद भाभा यांच्या पुढाकारानें निघालें. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर त्यानें हें सुमारें हजार आसनांचें थिएटर बांधलें. तें १९८० सालीं खुलें झालें. वास्तुकार फिलिप जॉन्सन, नादशास्त्राचे सल्लागार सिरिल हॅरिस. दोघेही आपआपल्या विद्येंतील अव्वल अमेरिकन. हेतु असा कीं, भारतीय गायन-वादन यंत्रावांचून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावें. आसनें पंख्यासारखीं रंगमंचाभोंवतीं पसरलेलीं, छताला असंख्य कोन, जेणेंकरून नाद कोठें कोंडून राहूं नये. हजार माणसांच्या सभागृहांत तंबोऱ्याला न्याय देण्याचा एवढा डोळस प्रयत्न या शहरांत दुसरा आम्हांस माहीत नाहीं. आणि तेथें आम्हीं ऐकलेल्या बहुतेक मैफलींत ध्वनिवर्धक होताच! एकदां मध्यंतरांत आम्हीं एका वादकाला याचें कारण विचारलें. ते हंसून म्हणाले, "लोकांचे कान आतां तसेच झाले आहेत, आवाज कमी वाटला तर ते तिकिटाचे पैसे परत मागतील." दोष त्या इमारतीचा नाहीं, त्या वादकाचाही फारसा नाहीं. घरीं व वाटेनें कानाला यंत्रें लावून बसणाऱ्या आमचा आहे. सामान्य बोलण्याच्या आवाजाएवढें गाणें लक्ष देऊन ऐकावें लागतें, आणि लक्ष देण्याचे श्रम आम्हांस नको झाले आहेत. किशोरी आमोणकर श्रोत्यांच्या कुजबुजीवर संतापत, तेव्हां लोक त्यांना लहरी म्हणत. त्या लहरी नव्हत्या. त्या आपली जागा नीट करून घेत होत्या.

जागेबरोबर वेळेचाही प्रश्न आहे. गिरगांवांत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला व चाळींच्या अंगणांतून, रस्त्यांतून थोर गवयांचीं गाणीं फुकट ऐकावयास मिळूं लागलीं; भैरवी होईपर्यंत पहांट होई. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी घातली. ठराविक थोडे दिवस वगळतां ती मोडतां येत नाहीं, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतालचा शंभर मीटरांचा टापू तर शांततेचा म्हणून जाहीर करतां येतो. नियम रास्त आहे. आजारी माणसाच्या झोंपेपेक्षां दरबारी कानडा मोठा, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र नियमाला बंदिस्त सभागृहें अपवाद असतांही तेथेंसुद्धां साडेनऊ वाजले कीं गवई घड्याळाकडे पाहूं लागतो. कारण श्रोत्यांना शेवटच्या गाड्या गांठून विरार-कल्याणास जावयाचें असतें. मालकंस आठ वाजतां ऐकावा लागतो. याला उपाय म्हणून कांहीं मंडळ्या रविवारीं सकाळीं बैठका करतात. त्यामुळें तोडी, ललत, देसकार यांना पुन्हां हक्काची वेळ मिळाली, हा मोठाच लाभ.

याच नियमांचा फटका धोबीतलावच्या रंगभवनास बसला. या खुल्या नाट्यगृहांत १९७८ सालीं पहिली जॅझ-यात्रा भरली आणि सोनी रॉलिन्ससारखा अमेरिकन सॅक्सोफोन-वादक येऊन वाजवून गेला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हें संगीत परकें वाटेल. पण १९३५ मध्यें लिऑन ॲबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला तेव्हांपासून तें मुंबईचें आहे, आणि तें येथें रुजविलें तें गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनीं. हिंदी चित्रपटांतील वाद्यवृंद पुढें त्यांनींच सजविले. रंगभवन मिटल्यावर हें संगीत परळच्या बंद गिरण्यांच्या आवारांत गेलें. तेथील ब्लू फ्रॉग २००७ सालीं उघडलें आणि २०१६ सालीं मिटलें. वाढत्या भाड्याच्या शहरांत लहान जागेचें आयुष्य इतकेंच असतें. वांद्र्यास २०२३ सालीं दोन हजार आसनांचें भव्य नाट्यगृह उभें राहिलें. तेथील झगमगाटाविषयीं वर्तमानपत्रांत पुष्कळ आलेलें आहे.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांना आम्हीं नरीमन पॉइंटला नेलें नाहीं. उपनगरांतील एका शाळेच्या सभागृहांत आमच्या मंडळाची रविवार सकाळची मासिक बैठक होते, तेथें नेलें. दोनशें माणसांची जागा, कौलारू छप्पर, लाकडी खिडक्या, खालीं सतरंज्या व मागें वृद्धांसाठीं बांकें. गाणार होत्या एक तरुण बाई. नांव अद्याप फारसें झालेलें नाहीं. ध्वनिवर्धकवाला वेळेवर आलाच नाहीं. चिटणीस घाबरे झाले, बाई म्हणाल्या, "मी सुरू करतें." तंबोरे जुळले, आणि पंख्यांची घरघर नको म्हणून कोणीतरी उठून तेही बंद केले. तोडीच्या गांधाराला हात लावतांना त्यांनीं जो एक क्षण विसावा घेतला, तेव्हां दोन्ही तंबोरे मागच्या बांकांपर्यंत स्वच्छ ऐकूं येत होते. आमच्या स्नेह्यांच्या तोंडून नकळत 'वा' निघाली. बाईंनीं मान वर करून पाहिलें, किंचित् हंसल्या, आणि तीच जागा दुसऱ्या वाटेनें पुन्हां घेतली. मध्यंतरांत ध्वनिवर्धकवाला आपलीं खोकीं घेऊन धांपा टाकीत आला. "आतां राहूं द्या," बाई म्हणाल्या, "त्यांना चहा द्या."

परततांना गाडींत स्नेही बराच वेळ बोलले नाहींत. दादर आलें तेव्हां म्हणाले, "हीच ना ती तुमची उत्तम जागा? पुढच्या हिवाळ्यांत याच सुमारास येईन म्हणतों." तेव्हां त्यांना सांगणें भाग पडलें. शाळेनें भाडें वाढविलें आहे. एक पुरस्कर्ता मिळाला असून त्याची अट नऊशें आसनांच्या सभागृहाची आहे. कार्यकारी मंडळानें ठराव केला, आणि पुढच्या बैठका तिकडे व्हावयाच्या आहेत. ठराव एकमतानें झाला. त्यावर सह्या करणाऱ्या सात जणांत आम्हीही होतों. हिशेबाची वही समोर होती, आणि दुसरा मार्ग त्या दिवशीं आम्हांस सुचला नाहीं. स्नेह्यांनीं फक्त एवढेंच विचारलें, "मग त्या बाई तिकडे गाणार आहेत काय?"

आम्हीं चिटणिसांस तसें पत्र घातलें आहे. ठरावाचा फेरविचार व्हावा, हेंही त्याच पत्रांत लिहिलें आहे.